थंडीत खेळल्याने सर्दी होत नाही
डिसेंबर-जानेवारीत बेळगाव, खानापूरकडे सकाळी चांगलीच थंडी असते. मग घरोघरी पोरांना तंबी मिळते, "गप पांघरुणात बस, खेळलास तर सर्दी होईल." हे खरं नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि दारं-खिडक्या लावून सगळे एकाच खोलीत बसले की ते जास्त पसरतात. 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती घरातही होते. सोप्यात लंगडी, फुगडी घालू द्या. फुगा जमिनीला टेकू न देता उडवायला सांगा. थोड्याच वेळात पोरं स्वेटर काढून फेकतात. फेकू द्या, घामाने ओला झालेला सदरा मात्र लगेच बदला. खिडकी थोडी उघडी असू दे. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको, तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जीवघेणा असतो.