टार्टर सॉस पाणचट का होतो?

टार्टर सॉस म्हणजे मेयोनेझमध्ये मिसळलेली व्हिनेगरात मुरलेली काकडी आणि हिरवा पाला. मेयोनेझ छान घट्ट झालेलं असतं, काकडी कुरकुरीत असते, शेपूही ताजा असतो. तरी तासाभरात वाटीच्या कडेला पाणी सुटतं आणि सॉस चमच्यावरून ओघळायला लागतो. अशा वेळी बोल लागतो अंड्याला नाहीतर तेलाला. खरा चोर मात्र काकडीतलं पाणी.

तेल पातळ, लिंबाचा रस पातळ, बलकही वाहणारा, मग मेयोनेझ घट्ट कशामुळे होतं? दाटीमुळे. फेटताना तेलाचे बारीक थेंब होतात आणि थोड्याशा पाण्यात खचाखच भरले जातात. सारख्या आकाराचे गोळे कितीही नीट रचले तरी जागेचा सुमारे 74 टक्के भागच व्यापतात. थेंब लहानमोठे असल्यामुळे इथे ही सीमा इतकी काटेकोर नसते, पण तिच्या आसपास ते एकमेकांना चेपू लागतात आणि त्यांना हलायला जागा उरत नाही.

आता हिशोब पाहा. एक बलक (18 ग्रॅम), मोहरीची पेस्ट 5 ग्रॅम, लिंबाचा रस किंवा 5 टक्क्यांचं व्हिनेगर 15 मिलि, पाव चमचा मीठ आणि उग्र वास नसलेलं तेल 150 मिलि, म्हणजे साधारण 138 ग्रॅम. यात ओतलेलं तेल वजनाने 78 टक्क्यांच्या आसपास भरतं. काकडीसोबत 20 मिलि पाणी आत गेलं की तेच प्रमाण 70 वर उतरतं. थेंबांना मोकळी जागा मिळते आणि सॉस वाहू लागतो.

सगळं साहित्य खोलीच्या तापमानाला आणा. बलक, मोहरी, मीठ आणि निम्मा रस फेटा. पहिले दोन मोठे चमचे तेल अक्षरशः थेंब थेंब घाला. घाई नडते ती इथेच. प्रत्येक थेंबाभोवती बलकातलं लेसिथिन (तेल आणि पाणी यांना जोडून ठेवणारा स्निग्ध पदार्थ) आणि प्रथिनं यांचा पापुद्रा बसावा लागतो. तेल भसकन ओतलं तर पापुद्रा बसायच्या आत थेंब एकमेकांत मिसळतात आणि मिश्रण फाटतं. एकदा ते दाटलं की बारीक धार चालते. उरलेला रस शेवटी घाला. फाटलंच तर टाकू नका: स्वच्छ भांड्यात नवा बलक घ्या आणि फाटलेलं मिश्रण चमच्या-चमच्याने त्यात फेटत जा.

व्हिनेगरात मुरलेली काकडी (गर्किन) 60 ग्रॅम घ्या. ती सुरीनेच चिरा, 3-4 मिलिमीटरचे तुकडे. मिक्सर पेशींचा चेंदा करतो आणि सगळं पाणी बाहेर काढतो. तुकडे दहा मिनिटं गाळणीत ठेवा, मग फडक्यात घट्ट पिळा. थेंब पडायचा थांबेपर्यंत, नुसतं दाबून भागत नाही. केपर्स (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या) 15 ग्रॅम, धुऊन कोरडे केलेले. बारीक चिरलेला कांदा 10 ग्रॅम, गार पाण्यात धुऊन पिळलेला, म्हणजे चिरताना तयार झालेली गंधकयुक्त उग्र द्रव्यं बरीचशी निघून जातात. ताजी काकडी वापरायचा मोह आवरा. तिच्यात 95 टक्के पाणी असतं आणि सॉसमधलं मीठ ते हळूहळू ओढून घेतं. मिठाची चव मात्र सगळं मिसळल्यावरच बघा, गर्किन आणि केपर्स आपलं मीठ घेऊन येतात.

शेपू आणि पार्सली, प्रत्येकी एक मोठा चमचा, पूर्ण कोरडी करून धारदार सुरीने चिरलेली. इथे एक पेच आहे. पाल्याचा सुगंध तेलात उतरायला अर्धा तास तरी लागतो, पण आम्लात हरितद्रव्याच्या रेणूतला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी पडतो. म्हणून निम्मा पाला आधी घालावा, निम्मा वाढताना.

अंडं कच्चं असल्यामुळे साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका असतो आणि आंबटपणावर विसंबून तो टळत नाही. पाश्चराईज्ड (जंतू मरतील इतपत, पण न शिजवता गरम केलेलं) अंडं घ्या; लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसं खाणार असतील तर त्याला पर्याय नाही. फ्रिजमध्ये 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवून तीन दिवसांत संपवा. फ्रीजरमध्ये मात्र नको. तिथे पाण्याचे स्फटिक होताना थेंबांवरचे पापुद्रे फाटतात आणि वितळल्यावर तेल वेगळं, पाणी वेगळं.