शेतातून गॅस पाइपलाइन जाणार? हरकत कोणी, कुठे आणि किती दिवसांत नोंदवायची

पाइपलाइनला विरोध म्हटलं की मोर्चा, रास्ता रोको, तहसीलवर धरणं हेच डोळ्यांसमोर येतं. पण बांधावर जेसीबी येतो तोवर हरकतीची मुदत बहुधा उलटून गेलेली असते. ही मुदत आहे फक्त 21 दिवसांची.

तेल आणि गॅसच्या मोठ्या वाहिन्यांसाठी सरकार जमीन विकत घेत नाही. पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायदा, 1962 खाली केंद्र सरकार तिचा 'वापर हक्क' घेतं. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, वरून पीकही घेता येतं. मात्र साधारण 20 ते 30 मीटर रुंदीच्या त्या पट्ट्यात घर बांधणं, विहीर किंवा शेततळं खोदणं, झाड लावणं बंद. आंबा-काजूवाल्यांना आणि डाळिंबवाल्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. 2013 च्या भूसंपादन कायद्यातली 70-80 टक्के संमतीची अट इथे चालत नाही, कारण 1962 चा कायदा त्याच्या चौथ्या अनुसूचीत टाकून बाजूला ठेवलेला आहे. म्हणून 'आमची संमती नाही' एवढ्या एका ओळीच्या अर्जाला फारसं वजन मिळत नाही.

21 दिवस कधीपासून?

1962 च्या कायद्याच्या कलम 3(1) खाली पेट्रोलियम मंत्रालय भारताच्या राजपत्रात अधिसूचना काढतं. त्यात गाव, गट नंबर आणि जाणारं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये दिलेलं असतं. अधिसूचनेच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून 21 दिवस, असं तिच्यात सहसा छापलेलं असतं. कायद्याच्या कलम 5 मध्ये मात्र 'अधिसूचनेच्या तारखेपासून' असे शब्द आहेत. वाद कशाला घालायचा? राजपत्राच्या तारखेपासूनच दिवस मोजा. सर्व्हेवाले शेतात खुंट्या मारून, दगडावर रंग लावून गेले की ई-गॅझेटवर (राजपत्राच्या संकेतस्थळावर) आणि तलाठी कार्यालयात चौकशी सुरू करायची, नोटीस घरी येण्याची वाट बघायची नाही.

हरकत कोणाला घेता येते

जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणालाही. मालक तर आहेच, पण सातबाऱ्यावरचे सहहिस्सेदार आणि कूळही. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या भावाचं नाव उताऱ्यावर असेल, तर त्याचाही स्वतंत्र अर्ज जाऊ द्या. गावाने मिळून एकच निवेदन देणं सोपं वाटतं, पण हरकतीचा निकाल जमिनीनुसार लागतो. दर गटाला वेगळा अर्ज आणि जोडीला ग्रामसभेचा ठराव, असं करा. या कायद्याखाली हरकतीचा निर्णय ठरावावर होत नाही, तरी तो कागदावर असलेला बरा.

अर्ज लेखी हवा आणि त्यात कारणं हवीत. तो अधिसूचनेत नाव दिलेल्या 'सक्षम प्राधिकाऱ्या'कडे जातो. कलेक्टर कचेरीत किंवा कंपनीच्या साइट ऑफिसात ठेवून दिलेला कागद धरला जाईलच असं नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोस्टाने पाठवायचा तर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह.

कारणं कशी लिहायची, इथे खरी मेख आहे. कलम 7 नुसार अधिसूचनेच्या आधीपासून राहत्या वापरात असलेल्या जमिनीखालून, पक्कं बांधकाम असलेल्या जमिनीखालून किंवा घराला लागून असलेल्या आवारातून पाइप नेता येत नाही. एक मीटरपेक्षा कमी खोलीवरही टाकता येत नाही. तुमचं प्रकरण यात बसत असेल तर अर्जाची सुरुवात तिथूनच करा. उदाहरणार्थ: 'सदर गटात पूर्वेकडील बांधालगत पक्की बांधीव विहीर असून तिची नोंद सातबाऱ्यावर आहे. आखणी विहिरीवरून जाते. ती उत्तरेकडील गाडीवाटेने नेल्यास विहीर व फळबाग दोन्ही वाचतात. नकाशा सोबत जोडला आहे.' पर्यायी मार्ग दाखवणारी हरकत नुसत्या नकारापेक्षा फेटाळायला जड जाते.

सोबत ताजा सातबारा आणि 8-अ लागेल. नाव लागायचं बाकी असेल तर फेरफार. मोजणीची 'क' प्रत असेल तर उत्तमच, नसेल तर गाव नकाशावर हाताने रेषा दाखवली तरी चालते. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा जोडा. झाडं आणि पिकांसाठी पीक पाहणीची नोंद आणि तारखेसह फोटो. पुढे भरपाईच्या वेळी याच फोटोंवर भांडायचं असतं, म्हणून ते आत्ताच काढून ठेवा.

मग सुनावणीची नोटीस येते. स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते. प्राधिकाऱ्याचा आदेश कायद्याच्या भाषेत अंतिम असतो, त्यावर अपील नाही. उरतो तो उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग.

राज्य सरकार पाठीशी असलं की झालं, या भरवशावर राहू नका. तमिळनाडूत 'गेल' या सरकारी गॅस कंपनीच्या कोची-बेंगळुरू वाहिनीला सात जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. 2013 मध्ये जयललिता सरकारने वाहिनी शेतातून नको, महामार्गाच्या कडेने न्या, अशी भूमिका घेतली. मद्रास उच्च न्यायालयाने ती मानली नाही आणि फेब्रुवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्याची याचिका फेटाळली. शेतकऱ्यांची मागणी अवाजवी नव्हती हे आपल्याकडेच दिसतं: गेलच्या मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनीचा बराच भाग समृद्धी महामार्गाच्या कडेने आखलेला आहे.

पर्यावरणाची जनसुनावणी

ही वेगळी गोष्ट. 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाच्या) अधिसूचनेनुसार राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून जाणाऱ्या वाहिन्यांनाच पर्यावरण मंजुरी लागते. तशी वेळ आली तर प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान 30 दिवस आधी वृत्तपत्रात नोटीस देतं, अहवालाचा मराठी सारांश मिळतो, आणि बोलायला सातबारा लागत नाही. लेखी म्हणणंही देता येतं. सुनावणीला कोरमची, म्हणजे किमान हजेरीची, अट नाही. त्यामुळे गावाने बहिष्कार टाकला तरी ती झाली असंच धरलं जातं. बहिष्कारापेक्षा आत जाऊन बोललेलं आणि इतिवृत्तात उतरवून घेतलेलं कधीही चांगलं.

हरकत फेटाळली गेली तरी भरपाईचा हक्क कायम राहतो. पीक, झाडं आणि इतर नुकसान वेगळं, शिवाय कलम 3(1) च्या अधिसूचनेच्या तारखेला जमिनीचा जो बाजारभाव असेल त्याच्या 10 टक्के. वर्षानुवर्षांच्या बंधनासाठी ही रक्कम तुटपुंजी आहे, पण कायद्यात आज एवढंच आहे. आकडा मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. आणि एक तारीख वहीत लिहून ठेवा: कलम 3(1) च्या अधिसूचनेनंतर वर्षभरात तुमच्या गटासाठी कलम 6 ची (वापर हक्क घेत असल्याची) घोषणा निघाली नाही, तर ती अधिसूचना आपोआप रद्द होते.