हार्ट प्रोटोकॉल

हार्ट म्हणजे प्लांटमधल्या प्रेशर, टेंपरेचर, लेव्हल ट्रान्समीटरशी (मोजून रीडिंग पाठवणाऱ्या उपकरणांशी) डिजिटल बोलायची पद्धत. ज्या दोन वायरींवरून 4 ते 20 मिलीअँपिअरचा जुना अ‍ॅनालॉग सिग्नल (4 म्हणजे रेंजची सुरुवात, 20 म्हणजे शेवट) येतो त्याच वायरींवर हीसुद्धा चालते, वेगळी केबल टाकावी लागत नाही, आणि म्हणूनच ती इतकी टिकली. नाव हायवे अ‍ॅड्रेसेबल रिमोट ट्रान्सड्यूसर या शब्दांवरून पडलं. 1980 च्या दशकात रोझमाउंट कंपनीने काढली आणि पुढे सगळ्यांसाठी खुली झाली.

युक्ती फार सुंदर आहे. लूपच्या, म्हणजे त्या दोन वायरींच्या सर्किटच्या, करंटवर साधारण अर्धा मिलीअँपिअर वर-खाली होणारी बारीक लहर चढवतात, 1200 हर्ट्झ म्हणजे 1 आणि 2200 हर्ट्झ म्हणजे 0, ही जुन्या टेलिफोन मोडेमची बेल 202 पद्धत. लहरीची सरासरी शून्य येते, त्यामुळे मूळ रीडिंग हलत नाही. स्पीड फक्त 1200 बिट प्रति सेकंद, म्हणून कंट्रोल अ‍ॅनालॉगवरच चालवतात आणि हार्टवरून टॅग (डिव्हाइसचं नाव), रेंज, डायग्नोस्टिक, झालंच तर दुसरं-तिसरं मोजमाप वाचतात.

कम्युनिकेटर (हार्टवरून डिव्हाइसशी बोलायचं हातातलं यंत्र) लावला आणि डिव्हाइस सापडतच नाही, तर आधी लूपमधला रेझिस्टन्स बघा, साधारण 250 ओहम लागतोच, नाहीतर पॉवर सप्लाय ती लहर गिळून टाकतो. दुसरं म्हणजे पोलिंग अ‍ॅड्रेस, डिव्हाइसला हाक मारायचा नंबर. हार्ट 5 या आवृत्तीत तो 0 सोडून दुसरा काही ठेवला की डिव्हाइस मल्टिड्रॉपमध्ये (त्याच वायरींवर अनेक डिव्हाइस जोडायची पद्धत) जातं, करंट 4 मिलीअँपिअरवर अडकून बसतो आणि कंट्रोल रूममध्ये टाकी रिकामी दिसते, प्रत्यक्षात ती भरलेली असली तरी!

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो कॅलिब्रेशनचा. कम्युनिकेटरवरून रेंज बदलली म्हणजे कॅलिब्रेशन झालं असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाही, रेंज बदलून फक्त कुठल्या मोजमापाला 4 आणि कुठल्याला 20 मिलीअँपिअर द्यायचे एवढंच ठरतं, सेन्सर चुकीचं मोजत असेल तर चुकीचंच मोजत राहतो. त्यासाठी खात्रीचं प्रेशर देऊन सेन्सर ट्रिम करावा, म्हणजे त्याचं रीडिंग दुरुस्त करावं लागतं, आणि करंट मीटरने मोजून आउटपुट ट्रिम वेगळा.

2007 मध्ये हार्ट 7 बरोबर वायरलेस हार्ट आलं, 2.4 गिगाहर्ट्झवर मेश नेटवर्कने (डिव्हाइस एकमेकांमार्फत निरोप पुढे पाठवतात) चालणारं.