पेवातला जोंधळा आणि गावाचा धर्म

‘क्लासेसचं नुसतं पेव फुटलंय’ असं आपण सहज बोलून जातो. पण पेव म्हणजे काय, असं बेळगावातल्या कॉलेजच्या पोराला विचारा, तो गोंधळतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात फुगीर अशी धान्य साठवायची खोल जागा. कन्नडात तिला हगेवु म्हणतात. गावातल्या दानधर्माचा इतिहास लोक देवळातल्या अन्नछत्रापासून सांगतात. मी पेवापासून सांगेन. द्यायला आधी धान्य उरायला हवं, आणि पावसानं लागोपाठ दोन वर्षं दडी मारली तर ते तोवर टिकायलाही हवं.

पेव टिकवायचं कसं? तळाला नि कडेनं कडबा लावायचा, वाळलेला जोंधळा भरायचा आणि तोंड दगड-मातीनं लिंपून टाकायचं. आतलं धान्य जिवंत असतं, तेही श्वास घेतं. सोबत आलेले किडे आणि बुरशी त्याहून जोरात. थोड्याच दिवसांत आतला प्राणवायू सरतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर आला की किडे गुदमरून मरतात. म्हणजे कीड स्वतःच्याच श्वासानं मरते, औषध लागत नाही. पण हीच हवा माणसालाही मारते. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, ही जुनी रीत त्यासाठीच. मात्र कंदील जळतोय म्हणजे धोका नाही, असं समजू नये.

हे सगळं कोरड्या जमिनीत. खानापूरकडं घाटमाथ्यावर पाऊस असा कोसळतो की खड्ड्यात धान्य कुजेलच. तिथं भात कणगीत राहणार. अथणीकडं वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. दुष्काळ तिथलाच आणि पेवाला लागणारी कोरडी जमीनही तिथलीच.

पेव उघडायचं कुणाच्या हातात? पाटील, देसाई, सावकार, मठ. फुकट वाटप क्वचितच. नेहमीचा व्यवहार सवाईचा किंवा दिढीचा: पावसाळ्यात एक मण न्यायचा, सुगीला सव्वा किंवा दीड मण आणून घालायचा. चार-सहा महिन्यांत पंचवीस ते पन्नास टक्के! याला धर्म म्हणायचं की धंदा, हे ज्याच्या त्याच्या पोटावर अवलंबून. पेवाच्या कडेचा काळपट, उग्र वासाचा जोंधळाही बहुधा मजुराच्याच पदरात पडत असणार. उरलेला आधार म्हणजे खळ्यावरचं सूपभर दाणं आणि कापणीनंतर रानात सरवा वेचायची मुभा. म्हणूनच पलीकडच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा इतकी टिकली असावी. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात या बहामनी कारभाऱ्यानं सरकारी कोठार लोकांसाठी मोकळं केलं, परतफेडीचा शब्द न घेता.

१८७६-७८ च्या दुष्काळात ही व्यवस्था पुरी पडली नाही. बेळगाव, धारवाड, कलादगी (आजचे विजापूर-बागलकोट) होरपळले; कलादगीची लोकसंख्या १८७२ ते १८८१ दरम्यान चांगलीच घटली. सरकारनं दुष्काळी कामं काढली, रस्ते आणि तळी खोदायची. १८७७ च्या सुरुवातीला इंग्रज सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहानं मजुरी उतरवली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम जोंधळा, साधारण सोळाशे कॅलरी. दिवसभर खडी फोडणाऱ्याला याच्या जवळजवळ दुप्पट लागते. आण्याचं तेल-मीठ-डाळ धरली तरी हिशेब जुळत नव्हता. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम सोडलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली.

मग १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली. दुष्काळात बाहेरून धान्य आणता यावं, हा तिच्यामागचा एक मोठा हेतू. पण गाडीला दोन्हीकडून वाट असते. भाव चढला की जोंधळा स्टेशनकडं निघायचा, पेवात कशाला ठेवायचा? त्याच दशकात दुष्काळ-संहिता, म्हणजे दुष्काळात मदत कशी द्यायची याचे सरकारी नियम, तयार झाल्या. म्हातारे, अपंग, अशक्त अशांना काम न करताही मदत मिळू लागली. त्यांची यादी मात्र गावकामगारांनी करायची, म्हणजे पुन्हा पाटील-कुलकर्ण्यांच्याच दारात उभं राहायचं.