मे अखेरची मुंबई की गणपतीतली मुंबई?

“सध्या मुंबई रिकामी आहे, येऊन जा,” असा निरोप गावाकडच्या पाहुण्यांना वर्षातून दोनदा जातो. एकदा मे महिना उतरणीला लागला की, आणि पुन्हा गणपती तोंडावर आले की. दोन्ही वेळी कोकण रेल्वेच्या गाड्या भरभरून जातात, एसटीच्या जादा गाड्या सुटतात, चाळीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागतात. त्यामुळे दोन्ही वेळची मुंबई सारखीच असेल असं वाटतं. पोराबाळांना घेऊन शहर बघायला येणाऱ्या माणसाची इथेच फसगत होते, आणि ती होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मेमध्ये माणसं टप्प्याटप्प्याने जातात. परीक्षा संपल्या की आधी मुलं आणि आई गावी, रजा मिळेल तसा बाप मागून. शाळा पुन्हा उघडतात जूनच्या मध्यावर, त्यामुळे हा सैलपणा चांगला महिनाभर टिकतो. मुंबई उच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी असते, म्हणून फोर्टातली वकिलांची धावपळ थंडावते. अर्थसंकल्पी अधिवेशन केव्हाच उरकलेलं असतं आणि पावसाळी अधिवेशन अजून लांब, त्यामुळे विधान भवनाच्या बाजूलाही शांतता. एरवी उभं राहायला जागा नसते त्या सकाळच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळते. ओसरते ती रोजच्या कामाची गर्दी.

गणपतीत सगळे चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत निघतात आणि बहुतेक गौरी-गणपतीचं विसर्जन करूनच परततात. गेलेल्यांच्या जागी मात्र दर्शनाला येणारे उतरतात. लालबाग-परळमधली कितीतरी कोकणी घरं बंद असतात आणि त्याच घरांखालच्या रस्त्यावर रात्री दोन वाजता पाऊल टाकायला जागा नसते. दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस आणि अनंत चतुर्दशी या विसर्जनाच्या दिवशी गिरगाव आणि दादरच्या चौपाट्यांकडे जाणारे रस्ते वाहनांना बंद होतात. सामान आणि लहान मूल घेऊन त्यात सापडलात तर हाल विचारू नका.

म्हणून शहर बघायचं असेल तर मेचा शेवटचा आठवडा, असं माझं ठाम मत आहे. उकाडा असतो, नाकारत नाही. पारा ३३-३४ च्या आसपासच असला तरी दमटपणामुळे घामाच्या धारा लागतात. तेव्हा सकाळी सातला बाहेर पडा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौक, तिथून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय आणि मग ओव्हल मैदान. मैदानाच्या एका अंगाला व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको. मैदानाभोवतीचा हा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा आहे आणि मान वर करून निवांत बघायला इतकी चांगली वेळ दुसरी नाही. ऊन चढलं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरा. गुलमोहर आणि ताम्हण फुललेले असतात. दादरच्या हिंदू कॉलनीत, माटुंग्याच्या पाच उद्यानांपाशी त्यांच्यासाठी मुद्दाम जावं. कोकणचा हापूस संपत आलेला असतो, पण क्रॉफर्ड मार्केटात भाव उतरलेले असतात. मासे खाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, म्हणजे ताजं पापलेट-सुरमई खायचे हे शेवटचे दिवस.

राणीच्या बागेत मात्र सुट्टीतल्या मुलांची झुंबड असते, आणि बुधवारी ती बंद. गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँचही मेअखेरीस थांबतात त्या थेट सप्टेंबरपर्यंत. अलिबाग जोडून करायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरची रो-रो, म्हणजे गाड्याही वाहून नेणारी बोट, बघा. पावसाची नेहमीची तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन थडकला होता. छत्री बरोबर असू द्या.

ज्यांना गणपतीतच यायचंय त्यांनी जरूर यावं. फक्त संग्रहालयांची यादी घरी ठेवावी. विसर्जनाचा नसलेला दिवस निवडावा, लोकलने चर्नी रोडला उतरावं आणि गिरगावात पायी फिरावं. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. मूर्ती लहानशी, देखावा साधा, आणि चाळीतली माणसं आपुलकीने प्रसाद हातावर ठेवतात. लालबागला जायचंच असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत, भल्या पहाटे.