संगीत नाटकाला पुराणच लागतं?

बेळगावात नव्या संगीत नाटकाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "पद गायचं तर देव किंवा राजा हवा, साध्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही." हा समज चुकीचा आहे. सुरुवात पुराणातून झाली, हे खरं. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. पण १८९९ मध्ये त्यांच्याच परंपरेतल्या देवलांनी 'शारदा' आणलं. विषय काय, तर पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी पोर! नवऱ्या मुलाचं वय मैत्रीण थट्टेत गाऊन सांगते. प्रेक्षक हसतात आणि शारदाची भीती आणखी जाणवते. १९१९ चं 'एकच प्याला' तर दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या घराचं. युरोपातही तेच: बिझेच्या 'कारमेन' या ऑपेराची (१८७५) नायिका सिगारेटच्या कारखान्यात राबते.

तेव्हा विषय निवडताना एवढंच बघा: बोलणं अपुरं पडून माणूस गायला लागेल, अशी जागा कथेत आहे का? वडगाव-खासबागेत मागांची खडखड ऐका. लय तिथे आयतीच आहे. माग विकायची वेळ आलेल्या विणकराला पद द्या, मला तरी ते राजाच्या पदाहून खरं वाटेल.