मधुमेह असलेल्या ग्राहकांसाठी: दिवाळीच्या फराळाविषयी माहिती

फराळाची मागणी नोंदवताना अनेक ग्राहक आम्हाला विचारतात की, घरातील मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी कोणते पदार्थ घ्यावेत. बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते: लाडू, करंजी व शंकरपाळे वर्ज्य आणि चकली, चिवडा, शेव हवी तेवढी. ही समजूत बरोबर नाही, म्हणून हे पत्रक प्रत्येक मागणीसोबत देत आहोत.

रक्तातील साखर केवळ गोड पदार्थांनीच वाढते असे नाही. तांदूळ, पोहे, मैदा आणि डाळींची पिठे यांतील पिष्टाचेही पचनानंतर ग्लुकोजच होते. त्यामुळे चकलीची भाजणी आणि चिवड्याचे पातळ पोहे हिशेबात धरावेच लागतात. आमच्याकडील बेसनाचा एक लाडू साधारण ४० ग्रॅमचा असतो. त्यात सुमारे १३ ग्रॅम पिठीसाखर असली, तरी बेसनातूनही जवळपास १० ग्रॅम कर्बोदके मिळतात, म्हणजे कर्बोदकांच्या दृष्टीने हा लाडू साधारण दीड लहान फुलक्याइतका झाला. तुपाचे सुमारे ९० उष्मांक वेगळेच. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातल्याने या हिशेबात फारसा फरक पडत नाही, हे गुळाच्या लाडवांची मागणी करणाऱ्यांना आम्ही आधीच सांगतो.

‘शुगर फ्री’ पदार्थांविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर नसेल, तरच असा दावा करता येतो, असा आपल्याकडील अन्नसुरक्षेचा नियम आहे. परंतु हा दावा साखरेपुरता असतो, पीठ आणि तूप त्यात मोजले जात नाही. अशा मिठाईत गोडीसाठी साखरेऐवजी अनेकदा माल्टिटॉल हा पदार्थ वापरतात. त्यानेही रक्तातील साखर काही प्रमाणात वाढते आणि ते जास्त पोटात गेल्यास जुलाब होऊ शकतात. म्हणूनच आम्ही कोणत्याही पाकिटावर ‘मधुमेहींसाठी खास’ असे छापत नाही, मागणी बरीच असूनही.

सर्वांत अधिक काळजी नरकचतुर्दशीच्या पहाटे घ्यावी, असे आम्हाला वाटते. अभ्यंगस्नानानंतर सगळे एकत्र फराळाला बसतात, ताटात सर्वच पदार्थ वाढलेले असतात आणि त्याच वेळी शरीरातील इन्सुलिनचा परिणाम अनेकांमध्ये दिवसातील इतर वेळांपेक्षा कमी असतो. अशा वेळी एक गोड व एक तिखट पदार्थ निवडावा, सोबत मोड आलेल्या कडधान्याची उसळ किंवा दही घ्यावे आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे चालून यावे. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन खाण्याच्या वेळेशी जोडलेले असते. त्यामुळे पहाटेच्या फराळाच्या दिवशी ते केव्हा घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. तळलेल्या व तुपातल्या पदार्थांमुळे पचन लांबते. म्हणून खाल्ल्यानंतर दोन तासांनी तपासलेली साखर ठीक दिसली, तरी ती पुढे वाढू शकते; इन्सुलिन घेणाऱ्यांनी तीन-चार तासांनी पुन्हा तपासणे हिताचे ठरते.

भाऊबीजेला दोन-तीन बहिणींकडे जायचे असल्यास आग्रह टाळणे अवघड असते, हे आम्हीही जाणतो. तेथील फराळ जेवणावर जादा न खाता त्या जेवणातील पोळी किंवा भात तेवढा कमी करावा. मात्र ‘संध्याकाळी गोड खायचे आहे’ म्हणून दुपारचे जेवण टाळणे किंवा स्वतःच्या मनाने गोळी वाढवणे धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातील साखर फार खाली जाऊ शकते, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शरीरातील इन्सुलिन वाढवणारी औषधे घेणाऱ्यांची.

घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली आणि रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असली, तर लाडू देऊ नये, कारण त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज (पिष्ट व साखरेचे पचन मंद करणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांवर साध्या साखरेचा परिणाम लवकर होत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोजची पावडरच घरात हवी. व्यक्ती बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तिला तातडीने रुग्णालयात न्यावे.

आमच्या प्रत्येक डब्यावर घटकपदार्थ आणि एका नगाचे वजन लिहिलेले असते. लहान, साधारण २० ग्रॅमचे लाडू हवे असल्यास मागणी नोंदवतानाच तसे सांगावे. त्यासाठी वेगळे पैसे घेतले जात नाहीत.